रात्री दोनचा बीपी

शुक्रवार संध्याकाळ, पावणेसात वाजलेले. हिंजवडीच्या ऑफिसातली अर्धी जनता बसमध्ये खिडकीची सीट पकडायला खाली पळालेली असते आणि उरलेली अर्धी की-बोर्ड बडवत एकच काम करत असते. टाइमशीट! सोमवारी आपण नेमके काय दिवे लावले हे शुक्रवारी कुणाला आठवतंय? मग काय, सोमवार नऊ तास, मंगळवार नऊ तास, बुधवारी जरा खरं वाटावं म्हणून साडेआठ. सबमिट. तीन मिनिटांत अख्खा आठवडा गुंडाळून आपण वीकेण्डला मोकळे.

खरं सांगा, तुम्ही पण हेच करता ना? लाजू नका. मी गेली सहा वर्षं हेच करतोय.

परवा रविवारी हाच किस्सा मी ताईला रंगवून सांगत होतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मिरजेला जीएनएम केलं, आता पुण्यात स्टाफ नर्स आहे. नाईट संपवून ती कधीकधी थेट आमच्याकडे येते, आईच्या हातचे पोहे खाते आणि सोफ्यावरच आडवी होते. माझ्या टाइमशीटच्या जोकवर घरातले सगळे हसले. ताई हसली नाही. पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणाली, "आम्ही पण भरायचो रे मागाहून. फक्त आमच्या रकान्यात तास नसायचे. पेशंटचा बीपी असायचा."

माझा चमचा तिथेच थांबला.

चौकोन रिकामा दिसायला नको

ताईचं आधीचं हॉस्पिटल. नाव सांगणार नाही, पण काचेची लॉबी, कॉफी शॉप, रिसेप्शनला ऑर्किड, असं सगळं साग्रसंगीत. वॉर्ड सव्वीस बेडचा. रात्री दोन सिस्टर आणि एक मावशी. त्यातही आयसीयूत कुणी कमी पडलं, की दोनपैकी एक सिस्टर वर पाठवायची. मग उरली एक. सव्वीस माणसं आणि एक सिस्टर.

प्रत्येक पेशंटच्या पायथ्याशी एक चार्ट असतो. ताप, नाडी, श्वास, बीपी. दर चार तासांनी मोजायचं आणि चौकोनात लिहायचं. रात्री दहा, दोन, सहा. एका पेशंटला नीट पाच मिनिटं धरली, तरी सव्वीसांना दोन तासांच्या वर जातात. त्यात सलाईन संपलेलं असतं, कुणाला बाथरूमला जायचं असतं, कुणाचे नातेवाईक "सिस्टर, एसी कमी करा ना" म्हणून काउंटरवर उभे असतात. आणि एखाद्या रात्री नऊ नंबरचा पेशंट अचानक बिघडतो. मग दोनचा राउंड होतच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पहाटे साडेपाचला चहा प्यायचा, पेन घ्यायचं आणि दोनचा रकाना भरत सुटायचं. दहा वाजता एकशेवीस-ऐंशी होता ना, मग दोनला एकशे अठरा-ऐंशी. अगदी तेच लिहिलं तर कळतं. थोडं वरखाली करायचं."

बुधवारचे साडेआठ तास! माझीच युक्ती होती ती.

इनचार्ज सिस्टर कधीच "खोटं लिही" असं म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "सकाळी सरांचा राउंड आहे, चौकोन रिकामा दिसायला नको." आणि इन्स्पेक्शनच्या आधीच्या आठवड्यात तर जत्राच. ड्यूटी संपल्यावर सगळ्यांनी थांबायचं, महिन्याभराच्या फायली काढायच्या आणि राहिलेले रकाने, राहिलेल्या सह्या पूर्ण करायच्या. वडापाव हॉस्पिटलतर्फे.

अठरा, अठरा, अठरा

ताईने मला एक गंमत सांगितली. खरं तर गंमत नाही ती. कधी हॉस्पिटलात गेलात तर चार्टवर श्वासाचा रकाना बघा. बहुतेक वेळा अठरा नाहीतर वीस. सव्वीसच्या सव्वीस पेशंटना अठरा! अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय. कारण साधं आहे. बीपी मशीन दाखवतं, बोटाला लावलेला क्लिप नाडी आणि ऑक्सिजन दाखवतो. श्वास मात्र छातीकडे बघत, घड्याळ धरून, पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. ते मिनिट कुणाकडे नसतं.

आणि गोची अशी, की माणूस बिघडायला लागला की सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींत श्वास येतो. बीपी बऱ्याचदा उशिरा पडतो. म्हणजे जो आकडा आधी बोंब मारणार, तोच आपण सगळ्यात आधी ठोकून देतो.

मला वाटायचं, एक रकाना चुकला तर चुकला. ताईने समजावलं, चार्ट म्हणजे एक आकडा नसतो, रांग असते. सकाळी डॉक्टर येतो तो पाच मिनिटं. तो पेशंटपेक्षा जास्त ही रांगच वाचतो. दहाला एकशेवीस, दोनला एकशे अठरा, सहाला नव्वद. त्याला वाटतं, आत्ताच काहीतरी झालं. प्रत्यक्षात घसरण एक वाजल्यापासून चालू असेल. लघवी किती झाली हा आकडा अंदाजे टाकला, तर सलाईन किती द्यायचं ते त्याच अंदाजावर ठरतं. एकीने मारलेली थाप पुढची शिफ्ट खरी धरून औषध देते.

टाइमशीटवरून माझा मॅनेजर काय ठरवतो? पुढच्या क्वार्टरचं बजेट. बास.

चार तासांचं घड्याळ

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच चालतं, बाहेर असं नसतं. थांबा. ताईनेच मला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या हॉस्पिटलबद्दल सांगितलं आणि मग रात्री मी बसून वाचलं.

तिकडे सरकारी नियम होता, की इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचा निकाल चार तासांत लागला पाहिजे. भरती करा, दुसरीकडे पाठवा किंवा घरी सोडा. तेव्हा शंभरातल्या ९८ पेशंटच्या बाबतीत हे जमलंच पाहिजे, असं टार्गेट होतं. हेतू चांगलाच. पण स्टॅफर्डचं हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टने २००६-०७ मध्ये १ कोटी पौंड वाचवायचं ठरवलं आणि दीडशेच्या आसपास जागा कमी केल्या. माणसं कमी झाली, घड्याळ मात्र तेच राहिलं.

मग सुरू झालं आपलं नेहमीचंच. पेशंट साडेपाच तास बसलेला, कागदावर तीन तास पंचावन्न मिनिटं. तिथल्या इमर्जन्सीत हेलेन डॉनेली नावाची स्टाफ नर्स होती. तिने नंतर सरकारी चौकशीपुढे सांगितलं, की टार्गेट गाठण्यासाठी नर्सनी नियम मोडणं हे गृहीतच धरलेलं होतं. नोटवर आणि कम्प्युटरवर वेळा सर्रास बदलल्या जायच्या. तिच्या साक्षीतली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिने स्वतःला सोडलं नाही. पाच-दहा मिनिटांचाच फरक असेल आणि पेशंटला उपचार मिळालेले असतील, तर मीही त्यात सामील व्हायचे, असं तिने सरळ कबूल केलं. पाच-दहा मिनिटं, आपल्यासारखीच! पुढे तासांची थाप मारायला सांगायला लागले, तेव्हा ती अडली.

तिने तक्रारी केल्या. एक-दोन नाही, शंभराच्या आसपास. उत्तरं आली ती सहकाऱ्यांच्या धमक्यांची. रात्री ड्यूटी संपल्यावर अंधारात गाडीपर्यंत एकटीने जायची तिला भीती वाटायची, घरचं कुणीतरी न्यायला यायचं. हॉस्पिटलातून, नर्सला, नर्सच्या भीतीने!

रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा मोठा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, तब्बल २९० शिफारशींसकट. त्यात फक्त घड्याळाची फसवणूक नव्हती. पेशंटना पाणी न मिळणं, तासन् तास घाणीत पडून राहणं, सगळं होतं. त्याच वर्षी तिथल्या इमर्जन्सीतल्या दोन सिस्टरची नर्स म्हणून नोंदणीच रद्द झाली. आरोपांत वेळा बदलण्याचाही समावेश होता. जागा कमी करायचं मात्र त्या दोघींनी ठरवलेलं नव्हतं. कागदावर सही त्यांची होती.

डॉनेलीला २०१४ मध्ये ओबीई किताब मिळाला. त्याच वर्षी, चूक झाली तर पेशंटला स्पष्ट सांगणं तिथल्या सरकारी हॉस्पिटलांना कायद्याने बंधनकारक झालं. नंतर प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकायला स्वतंत्र माणूस नेमायची पद्धतही आली. छान झालं. पण हे सगळं व्हायच्या आधी कित्येक घरांतली माणसं गेली होती.

पान बदल

"तू अडलीस का कधी?" मी ताईला विचारलं. आई किचनमधून बाहेर आली. तिलाही हे माहीत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, खुबा मोडून आलेल्या. ऑपरेशन झालं. स्वतः कूस बदलता येत नव्हती. अशा पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवायला दोन माणसं लागतात. रात्री दोन माणसं नव्हती. चार्टवर मात्र दर दोन तासांनी टिक होती. बारा, दोन, चार, सहा. छान ओळीत.

सहाव्या दिवशी चादर बदलताना माकडहाडापाशी उघडी जखम दिसली.

आजींचा मुलगा बँकेत होता, शांत माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. फक्त केस पेपरची कॉपी मागितली. त्या दुपारी इनचार्ज सिस्टरनी ताईला आत बोलावलं आणि दार लावलं. दाखल करतानाची तपासणी ताईनेच केली होती. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, त्वचा ठीक. आता त्या पानाऐवजी नवं पान लिहायचं होतं, दाखल होतानाच पाठीवर लाल डाग होता म्हणून. म्हणजे जखम घरून आणलेली!

ताई म्हणाली, "मॅडम, हे नाही जमणार."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. त्यांनाही सकाळी वर बोलावून घेतलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बघ हं. रात्रीच्या टिकांवर सही कुणाची आहे ते आठव."

इथे मला गेम कळला. पहाटे साडेपाचला चहा पिता पिता मारलेली छोटी टिक फुकट जात नाही. ती कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेली असते. मोठी थाप मारायची वेळ आली, की ती बाहेर काढून तुमच्यापुढे ठेवतात. पाच मिनिटांना हो म्हणालात ना, मग आता पाच तासांना नाही कसं म्हणणार?

ताईने जे केलं ते ऐकून माझी आई मटकन खाली बसली. तिने पान बदललं नाही. ती वॉर्डात गेली, आजींची फाइल उघडली आणि त्या दिवसाची तारीख, त्या क्षणाची खरी वेळ टाकून लिहिलं, 'उशिरा केलेली नोंद. अमुक दोन रात्री वॉर्डात एकच सिस्टर असल्याने दर दोन तासांनी कूस बदलता आली नाही. टिक केल्या, पण काम झालेलं नव्हतं.' खाली पूर्ण सही.

म्हणजे हॉस्पिटलच्या आधी तिने स्वतःलाच अडकवलं.

"वेडी आहेस का?" आई म्हणाली.

"मावशी, ती जखम मी रोज ड्रेसिंगला बघत होते," ताई म्हणाली. "घरून आणली असं कसं लिहू?"

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. मेमो. दुसरा वॉर्ड. सलग तीन आठवडे नाईट. दिवाळीची सुट्टी कॅन्सल. कॅन्टीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं व्हायचं. तिने राजीनामा दिला, तर जॉइन होताना जमा केलेली मूळ सर्टिफिकेटं परत मिळवायला एचआरकडे चार चकरा. आता दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, पगार दीड हजारांनी कमी. घरी मिरजेला अजून सांगितलेलं नाही, कारण धाकट्याच्या इंजिनीअरिंगची फी तीच भरते.

आणि आजी? ताईला माहीत नाही. "डिस्चार्जनंतर सिस्टरला कोण फोन करतं?" ती म्हणाली आणि आडवी झाली. दोन मिनिटांत झोपली पण. मी मात्र तिच्या छातीकडे बघत घड्याळ धरून बसलो. चौदा. अठरा नव्हे, चौदा.

कलिंगड रिपोर्ट

आता माझी पाळी. मी टेस्टर आहे. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, कलिंगड रिपोर्ट. बाहेरून हिरवागार, आत लालभडक. क्लायंटला दर आठवड्याला जातो तो बहुतेक वेळा हाच.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रिलीज होती आणि चाळीस टेस्ट केस चालवायच्या राहिल्या होत्या. लीड म्हणाला, "पास मार रे, सोमवारी रन करू." मी मारल्या. मंगळवारी मॉलच्या गिऱ्हाइकांचे रिवॉर्ड पॉइंट गायब! रात्रभर जागलो, दुरुस्त केलं, कंपनीने पिझ्झा मागवला, आणि विषय संपला. कुणाच्या पाठीला जखम झाली नाही.

म्हणून माझं ते चालतं, ताईचं चालत नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. कारण वाक्यं तीच आहेत. 'सगळेच करतात.' 'या वेळेपुरतं.' 'वरून प्रेशर आहे रे.' ही तीन वाक्यं आपण रिवॉर्ड पॉइंटवर प्रॅक्टिस करतो. उद्या आपल्यातला एखादा हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर बसेल, तेव्हा जीभ तीच असेल.

आणि अजून एक. खोटा चार्ट फक्त पेशंटला फसवत नाही. रात्री एका सिस्टरवर सव्वीस पेशंट आहेत, ही बातमीच तो दाबून टाकतो. सगळे चौकोन भरलेले दिसले, की वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणतं, बघा, दोघींत मस्त भागतंय. एक कमी करू या का? आपणही नऊ-नऊ तास भरतो, म्हणून कुणाला कळतच नाही की त्यातले चार तास मीटिंगमध्ये गेले आणि रात्री दोन वाजता घरून काम केलं ते कुठेच नाही. थापा मारून आपण आपल्याच मानेवरचं जोखड लपवतो.

मग करायचं काय?

उपदेशाचा डोस देणार नाही, ताईकडून आलेल्या चार कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

एक, नोंद राहिली तर मागची वेळ टाकायची नाही. आत्ताची खरी वेळ टाकून, उशिरा केलेली नोंद आहे असं लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर, खाडाखोड, नवं पान, काही नाही. कोर्टात रिकाम्या चौकोनाचं उत्तर देता येतं, खाडाखोडीचं देता येत नाही.

दोन, कुणी तोंडी सांगितलं, तर गोड आवाजात म्हणायचं, "मॅडम, हे जरा लिहून देता का?" बरीचशी प्रेशर इथेच विरघळतात. सगळी नाही.

तीन, आपलं माणूस ॲडमिट असेल तर कागद मागायचा हक्क आहे. डॉक्टरांसाठी असलेल्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर रेकॉर्ड ७२ तासांत द्यायला लागतं आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळावं लागतं. भांडायला नको, अर्ज द्या, पोच घ्या.

चार, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. चार्टवर एखादा रिकामा चौकोन दिसला तर सिस्टरवर लगेच खेकसू नका. तो चौकोन निदान खरं बोलतोय. "सिस्टर, आज तुम्ही किती जणी आहात?" एवढं विचारा. मग ते उत्तर घेऊन मॅनेजमेंटच्या काचेच्या केबिनमध्ये जा. आवाज चढवायचाच असेल तर तिथे चढवा.

बाकी, या शुक्रवारी मी टाइमशीट भरली. मंगळवार: काम पाच तास, सर्व्हर बंद म्हणून बसून चार तास. बुधवार: ऑफिसात नऊ, रात्री घरून तीन. मॅनेजरचा फोन आला. "हे काय आहे?"

म्हटलं, "मंगळवार आहे."

तो हसला. मग हसायचं थांबला आणि म्हणाला, "सोमवारपर्यंत नीट करून टाक."

अजून केलेली नाही. सोमवारी काय होतं ते पुढच्या अंकात सांगतो. तोवर ताईची नाईट आहे, आणि तिच्या नव्या वॉर्डात दोनचा एक चौकोन कधीकधी रिकामा असतो.